तेरा संघांचा पॉइंट गार्ड

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या अमेरिकेतील लीगमध्ये सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम इश स्मिथ या सहा फूट उंचीच्या खेळाडूच्या नावावर असून, २०१० ते २०२४ या चौदा हंगामांत त्याने लीगमधील ३० पैकी १३ संघांचा गणवेश अंगावर चढवला. त्यापूर्वीचा बारा संघांचा विक्रम चकी ब्राउन, जिम जॅक्सन, टोनी मॅसेनबर्ग आणि जो स्मिथ या चौघांच्या नावे होता. या चौघांपैकी जो स्मिथ हा १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू होता, तर इश स्मिथला २०१० च्या ड्राफ्टमध्ये कोणत्याही संघाने निवडले नव्हते. यावरून एवढे स्पष्ट होते की, गावोगाव फिरण्याची वेळ केवळ दुय्यम गुणवत्तेच्या खेळाडूंवरच येते, हा समज खरा नाही. अशा खेळाडूला अमेरिकेत 'जर्नीमन' म्हणतात. त्याच्या कारकिर्दीची दिशा त्याच्या खेळाइतकीच लीगच्या रोजगारविषयक नियमांनी ठरते, आणि हे नियम समजून घेतल्याखेरीज त्याच्या वाट्याला आलेली भटकंती नीट उमगत नाही.

एनबीएतील प्रत्येक संघाला पूर्ण स्वरूपाचे १५ करार करता येतात, म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून अशा जागा सुमारे साडेचारशेच भरतात, आणि त्यांतील पहिल्या आठ-नऊ जागांवरील खेळाडूच सामन्यात नियमितपणे उतरतात. उरलेल्या जागांवर बसणाऱ्याचा करार बहुधा एका वर्षाचा, किमान वेतनाचा आणि कित्येकदा बिनहमीचा असतो. बिनहमीचा याचा अर्थ असा की, जानेवारीतील ठरावीक तारखेपूर्वी संघाने त्याला मुक्त केले तर हंगामाचे उरलेले वेतन देण्याचे बंधन संघावर राहत नाही. मुक्त केलेला खेळाडू 'वेव्हर' या प्रक्रियेतून जातो, म्हणजे ४८ तासांच्या आत अन्य कोणताही संघ त्याचा करार आहे तसा उचलू शकतो, आणि कोणी उचलला नाही तर तो स्वतंत्र होतो. पाच जानेवारीपासून दहा दिवसांचे करारही करता येतात. एका हंगामात एकाच खेळाडूशी असे दोन करार झाल्यानंतर संघाला त्याला हंगामभरासाठी घ्यावे लागते किंवा सोडावे लागते. भारतीय वंशाचा एनबीएत खेळलेला पहिला खेळाडू, टोरांटोचा सिम भुल्लर, एप्रिल २०१५ मध्ये अशाच दहा दिवसांच्या कराराच्या वाटेने सॅक्रामेंटो किंग्जकडून तीन सामने खेळला होता. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून या किंग्ज संघाचे प्रमुख मालक आहेत, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये झालेल्या एनबीएच्या भारतातील पहिल्या दोन सामन्यांत हाच संघ इंडियाना पेसर्सविरुद्ध उतरला होता. दहा संघांकडून खेळलेल्या ट्रेव्हर अरिझाने त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात किंग्जशी करार केला होता, आणि जानेवारी २०२० मध्ये त्याची रवानगी पोर्टलंडला झाली.

स्मिथचा जन्म १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट येथे झाला आणि वेक फॉरेस्ट विद्यापीठात तो चार वर्षे खेळला. तो पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून आक्रमणाची मांडणी करणारा खेळाडू होता, आणि चेंडू घेऊन सर्वांत आधी दुसऱ्या टोकाला पोहोचणाऱ्यांत त्याची गणना होत असे. मात्र तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा नेम भरवशाचा नव्हता. लीगमधील आक्रमण ज्या दशकात वेगाने त्या रेषेबाहेर सरकले, त्याच दशकात त्याची कारकीर्द घडली, हे त्याला कायमची जागा न मिळण्याचे प्रमुख कारण मानता येईल.

ह्यूस्टन रॉकेट्सने त्याला २०१० मध्ये संधी दिली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये, शेन बॅटिए या अनुभवी खेळाडूबरोबर, मेम्फिसला धाडले. २०११ च्या अखेरीस गोल्डन स्टेट, पुढे ऑर्लँडो, फेब्रुवारी २०१३ मध्ये मिलवॉकी आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फीनिक्स असा त्याचा प्रवास झाला. यांतील तीन अदलाबदलींमध्ये प्रमुख देवाणघेवाण दुसऱ्याच कोणाची होती. दोन संघांनी परस्परांना दिलेल्या खेळाडूंच्या वेतनांची बेरीज ठरावीक मर्यादेत जुळावी लागते, अशी नियमांची सर्वसाधारण अट असल्याने, मोठ्या वेतनाच्या खेळाडूबरोबर लहान कराराचे खेळाडू जोडले जातात; उदाहरणार्थ, मिलवॉकीला ऑर्लँडोचा जे. जे. रेडिक हवा होता आणि स्मिथ त्याच्याबरोबर गेला. खेळाडूची संमती अशा व्यवहारात सहसा विचारली जात नाही. त्याला थोडक्या मुदतीत नव्या शहरी हजर राहून वैद्यकीय तपासणीला सामोरे जावे लागते, आणि भाड्याचे घर, मुलांची शाळा, सामानसुमान या गोष्टी मागाहून कुटुंबाने निस्तरायच्या असतात.

२०१५ या एकाच वर्षातील घडामोडी पाहिल्या तर या व्यवस्थेचा वेग ध्यानात येतो. वर्षाच्या आरंभी स्मिथ ओक्लाहोमा सिटीकडे होता; १९ फेब्रुवारीला त्याला न्यू ऑर्लिन्सला देण्यात आले, तेथे एकही सामना न खेळता तो मुक्त झाला आणि तीन दिवसांत फिलाडेल्फियाने त्याचा करार उचलला. उन्हाळ्यात तो वॉशिंग्टनच्या सराव शिबिरात दाखल झाला, हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर तेथून मुक्त झाला, आणि आपले गार्ड दुखापतींनी जायबंदी असल्यामुळे न्यू ऑर्लिन्सने त्याला पुन्हा घेतले. ते बरे होऊन परतू लागल्यावर, २४ डिसेंबरला, दुसऱ्या फेरीतील दोन निवडहक्कांच्या मोबदल्यात त्याला पुन्हा फिलाडेल्फियाला सोपवण्यात आले.

त्या वेळी फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने ३१ पैकी केवळ एक सामना जिंकला होता. हरणाऱ्या संघाला ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते, म्हणून या संघाच्या व्यवस्थापनाने काही वर्षे जाणूनबुजून अननुभवी तरुणांचा चमू उतरवला होता. नर्लेन्स नोएल आणि जलील ओकाफोर हे दोघे गुणी उंच खेळाडू हाताशी असूनही त्यांच्यापर्यंत योग्य क्षणी चेंडू पोहोचवणारा कोणी नव्हता. ही उणीव किती मूलभूत असते, हे 'पिक अँड रोल' या चालीवरून कळते. तीत उंच खेळाडू पॉइंट गार्डच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. गार्ड त्याच्या खांद्याला जवळजवळ घासून पुढे निघतो. मागे पडलेला बचावपटू पाठलाग करत असताना समोरच्या दुसऱ्या बचावपटूला गार्डला अडवायचे की टोपलीकडे वळलेल्या उंच खेळाडूला राखायचे, हे अर्ध्या क्षणात ठरवावे लागते. स्मिथची हातोटी अशी की, तो या टप्प्यावर वेग किंचित कमी करून पाठलाग करणाऱ्याला आपल्या पाठीशीच अडकवून ठेवत असे, समोरच्याचे पाऊल पडेपर्यंत थांबत असे, आणि मग एक तर मधल्या अंतरावरून स्वतः नेम साधत असे किंवा चेंडू टोपलीजवळ उंच सोडून देत असे. तो २६ डिसेंबरला परतला त्याच दिवशी संघाने फीनिक्सला हरवले आणि उर्वरित ५१ सामन्यांपैकी एकूण नऊ जिंकले. नऊ विजय हे काही मोठे यश नव्हे, हंगामाची अखेर १० विजय आणि ७२ पराभवांवरच झाली. परंतु फिलाडेल्फियाकडून सरासरी १४.७ गुण आणि ७ असिस्ट, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, नोंदवताना स्मिथने तरुण सहकाऱ्यांना नेटका खेळ कसा असतो हे दाखवून दिले, आणि त्याच्या कारकिर्दीतील हा अध्याय विजेतेपदापेक्षाही मोलाचा ठरवावा लागेल.

त्याचा मोबदलाही योग्य वेळी मिळाला. दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात संघांची वेतनमर्यादा ७ कोटी डॉलरवरून एकदम ९ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, संघांकडे पैसा खेळू लागला, आणि डेट्रॉइट पिस्टन्सने स्मिथशी तीन वर्षांसाठी १ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. तीन वर्षे एकाच शहरात राहण्याचे स्थैर्य त्याला यापूर्वी लाभले नव्हते. २०१७-१८ मध्ये तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला. पुढे दोन वर्षे वॉशिंग्टन, २०२१ मध्ये जन्मगावचा शार्लट हॉर्नेट्स संघ, २०२२ मध्ये पुन्हा वॉशिंग्टन आणि त्याच उन्हाळ्यात केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपबरोबर डेन्व्हर अशी वाटचाल होऊन तेरावा संघ पुरा झाला.

अशा उतारवयीन खेळाडूला संघ का ठेवतात, याचे आर्थिक उत्तर नियमांतच आहे. किमान वेतन अनुभवानुसार वाढत जाते, पण एका वर्षाच्या करारावरील अनुभवी खेळाडूच्या बाबतीत, दोन वर्षे खेळलेल्याच्या किमान वेतनाहून अधिकचा भाग लीग स्वतः भरते; त्यामुळे केवळ महाग म्हणून अनुभवी माणूस नाकारला जात नाही. ही तरतूद खेळाडूंच्या संघटनेच्या वाटाघाटींतून आली आहे. निवृत्तिवेतनासाठी तीन हंगामांची अट असल्याने, ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या खेळाडूच्या दृष्टीने तिसऱ्या हंगामाला विशेष महत्त्व असते. तीन हंगाम खेळलेल्या निवृत्तांना आरोग्यविमा देण्याचा निर्णयही संघटनेने २०१६ मध्ये एकमताने घेतला. या तरतुदींचे श्रेय नामांकित खेळाडूंनाही द्यावयास हवे, कारण त्यांची स्वतःची गरज नसताना त्यांनी त्या उचलून धरल्या.

जून २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सने मायामी हीटला ४-१ असे हरवून आपले पहिले एनबीए विजेतेपद मिळवले. बाद फेरीत संघ आपल्या निवडक आठ-नऊ खेळाडूंवरच भिस्त ठेवतात, त्यामुळे स्मिथच्या वाट्याला मैदानावरची मिनिटे फारच थोडी आली. परंतु सरावात प्रतिस्पर्ध्याच्या गार्डची भूमिका वठवणे, तरुणांना बचावाचे कोन समजावणे, हे राखीव पॉइंट गार्डचे काम गुणफलकावर उमटत नसले तरी प्रशिक्षक ते मोजत असतात. मॅसेनबर्गच्या बाबतीतही असेच घडले होते. १९९० मध्ये सॅन अँटोनियोने निवडलेला हा खेळाडू इतर अकरा संघ फिरून २००५ मध्ये सॅन अँटोनियोकडूनच विजेता झाला. स्मिथ मात्र विजेतेपदानंतरही थांबला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पुन्हा शार्लटकडे गेला, आणि तो संघ त्याच्या यादीत आधीच असल्यामुळे विक्रमाचा आकडा तेराच राहिला.