वाहतूक-नियमन, घरगुती आंतरजालातील

घरातील राउटरमधून जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीचा वेग हेतुतः किंचित मर्यादित करून तिच्या रांगा आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीस वाहतूक-नियमन म्हणतात. जोडणीचा वेग व विलंब या भिन्न राशी आहेत. दर सेकंदास वाहून नेलेली माहिती म्हणजे वेग, तर एका पॅकेटास मुक्कामी पोहोचण्यास लागणारा काळ म्हणजे विलंब होय. वेग वाढविल्याने विलंब कमी होतोच असे नाही.

रांग मार्गातील सर्वांत अरुंद टप्प्याच्या तोंडाशी साचते. पेणमार्गे कोकणात जाणाऱ्या लोहमार्गावर रोहा–वीर हा सुमारे ४७ किमी. लांबीचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. तेव्हा एकेरी मार्गाचा आरंभ रोह्याहून वीरपर्यंत पुढे सरकला. त्याचप्रमाणे पेण वा रोहा येथील घरात वेगवान प्रकाशीय तंतू आला, तरी अडथळा बहुधा घरातील बिनतारी दुव्यात सरकतो.

राउटरमधील बफर ही तात्पुरती स्मृती पॅकेटे क्षणभर साठविते. ती फार मोठी असल्यास रांग लांबते. एक मेगाबाइट साठा सेकंदास १० मेगाबिट या वेगाने रिकामा होण्यास ०.८ सेकंद लागतो. एकतर्फी विलंब १५० मिलिसेकंदांपेक्षा वाढल्यास संभाषण अडखळू लागते. म्हणून घरात एकाने छायाचित्रे पाठविताच दुसऱ्याचा दूरस्थ वर्ग किंवा वैद्यकीय सल्ला विस्कळीत होतो. पॅकेट गहाळ होणे ही प्रेषकास वेग उतरविण्याची परंपरागत सूचना असते. मोठ्या बफरमुळे ती उशिरा मिळते. या दोषास ‘बफरब्लोट’ म्हणतात.

कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ रीत रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटाचा रांगेतील काळ पाहते. तो १०० मिलिसेकंदांपर्यंत सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिल्यास ती काही पॅकेटे टाकून देते. ‘एफक्यू-कोडेल’ व ‘केक’ या रीतींत प्रत्येक प्रवाहास वेगळी रांग मिळते, त्यामुळे लहान प्रवाह मोठ्यामागे अडकत नाही.

नियमनाची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या सुमारे ८५ ते ९५ टक्के ठेवतात, म्हणजे रांग सेवादात्याच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरमध्ये साचते. गिगाबिट जोडणीवर साध्या राउटरचा प्रक्रियक या कामास अपुरा पडू शकतो. तेथे केवळ अपलोडचे नियमनही पुष्कळदा पुरते. जोडणी रिकामी असताना व पूर्ण भाराखाली असताना विलंब मोजून दोहोंतील फरक पाहणे, ही नियमनाची गरज ठरविण्याची सोपी कसोटी होय.