औषधाची पारख कोणावर?

नवे औषध विक्रीस येण्यापूर्वी माणसांवर त्याची पारख होते. ती माणसे कोण, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत झोल्पिडेम हे झोपेचे औषध १९९२ साली मंजूर झाले. वीस वर्षे स्त्रीपुरुषांस मात्रा एकच होती. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश उतरते म्हणून २०१३ साली त्यांची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ करण्यात आली.

सरकारी पैशाच्या संशोधनात स्त्रिया व अल्पसंख्य यांना घ्यावे, असा कायदा तेथे १९९३ सालीच झाला होता. पण नुसत्या कायद्याने गरीब मनुष्य दवाखान्याची पायरी चढत नाही. रोग्याच्या भाषेत धोका समजाविणे, दडपण न आणता संमती घेणे, बुडालेली मजुरी व गाडीभाडे भरून देणे, हे संशोधकांस शिकविलेच पाहिजे. जे औषध सर्वांनी घ्यावयाचे, त्याच्या पारखेत सर्वांस स्थान असावे, हाच आम्हांस न्याय वाटतो.