टोकन आहे, पण ओळखता येण्याजोगे?

एका टॅबमध्ये तुम्ही भारतातल्या बँकेत लॉग-इन केले आहे आणि दुसऱ्यात एखादी पाककृती वाचता आहात. त्या पाककृतीच्या पानात दडवलेल्या फॉर्मने बँकेला ‘पैसे पाठवा’ अशी विनंती धाडली तर? ब्राउझर सवयीने बँकेची कुकी सोबत जोडेल आणि बँकेला वाटेल, बटण तुम्हीच दाबले! या फसवणुकीला सीएसआरएफ म्हणतात. २००८ साली प्रिन्स्टनच्या बिल झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी आयएनजी डायरेक्ट या बँकेच्या संकेतस्थळावर अशीच त्रुटी दाखवून दिली. तिचा वापर करून खात्यातले पैसे परस्पर हलवता येत होते.

यावर उपाय म्हणजे टोकन. पूर्वी आपल्याकडे बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळायचे. ते दाखवल्याशिवाय कॅशियर पैसे देत नसे. तसाच सर्व्हर फॉर्ममध्ये एक गुप्त संकेत ठेवतो. दुसऱ्या संकेतस्थळाला तो वाचता येत नाही. फरक एवढाच, की पितळी टोकन हातात असावे लागे. इथे मात्र संकेत ओळखता आला तरी पुरते.

पीएचपीमधल्या कोडइग्नायटर या फ्रेमवर्कची दुसरी आवृत्ती घ्या. ती घड्याळातली वेळ आणि रँड फंक्शनचा आकडा एकत्र करून त्यावर एमडी-५ चालवत असे. बाहेर पडणारे ३२ अक्षरी टोकन भक्कम दिसते. पण दळण कितीही बारीक दळा, पीठ त्याच धान्याचे! सर्व्हरची वेळ त्याच्या उत्तरातून सेकंदापर्यंत कळते. उरतात एका सेकंदातले १० लाख मायक्रोसेकंद. शिवाय जुन्या पीएचपीत विंडोजवर रँडचे आकडे फक्त ३२,७६८. माणसाला हे आकडे प्रचंड वाटतील, संगणकाला नाही.

२०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादृच्छिक स्रोतातून १६ बाइट घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या शक्यतांची संख्या ३९ अंकी! त्याच वर्षअखेरीस आलेल्या पीएचपी ७ मध्ये यासाठी खास फंक्शनही मिळाले.

फेब्रुवारी २०२० च्या क्रोम ८० पासून ब्राउझरही परक्या पानावरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवताना हात आखडता घेऊ लागला. तरी जुनी संकेतस्थळे अजून चालू आहेत. तुम्ही प्रोग्रॅमर असाल, तर तुमच्या प्रकल्पातले टोकन कशापासून बनते ते आजच तपासा. नसाल, तर बँकेचे काम संपताच लॉग-आउट करा. ओळखलेल्या टोकनाचाही मग उपयोग उरत नाही.