पुडी, वजनकाटा आणि वय

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा अठराच्या आतला. बाल न्याय मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. त्या निबंधाची देशभर टिंगल झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्याच आदेशात दारूच्या सवयीबद्दल समुपदेशन घेण्याचीही अट होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. नशा करणाऱ्या मुलाकडे २०१५ चा बालन्याय कायदा कसा पाहतो, हे कळायचं तर निबंध सोडून त्या अटीपासून सुरुवात करायला हवी.

समजा, गस्तीवरच्या पोलिसांना सोळा वर्षांच्या पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या लेखी ‘अल्प प्रमाण’. मोठ्या माणसालाही त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्षाची कैद, म्हणजे मुलाच्या बाबतीत हा किरकोळ गुन्हा. सोबत कुणी सज्ञान आरोपी नसेल तर एफआयआरसुद्धा होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. बेडी नाही, लॉकअप नाही. चोवीस तासांत त्याला मंडळापुढे न्यायचं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला असलीच पाहिजे.

मंडळाला मुलगा समजतो तो मुख्यतः परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातून. या छापील नमुन्यात ‘सवयी’ असा एक रकाना आहे. एका बाजूला बिडी-सिगारेट, दारू, अमली पदार्थ, जुगार. दुसऱ्या बाजूला टीव्ही, खेळ, वाचन, चित्रकला. लागू असेल तिथे खूण करायची. पुढे मित्रांची चौकशी: बरोबरीचे की वयाने मोठे, व्यसनी आहेत का, गुन्हेगारीतले आहेत का. मित्र वयाने मोठे असतील, तर पुडी कुठून आली याचा माग बहुधा तिथेच लागतो. पण हा रकाना मन लावून भरायचा तर अधिकाऱ्याला घरी, शाळेत, वस्तीत जाऊन यावं लागतं. तो टेबलावर बसून भरला, तर पुढचा सगळा आदेश हवेतच काढला जातो.

गुन्हा शाबित झाला तर मंडळ समज देऊ शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, देखरेखीखाली घरी पाठवू शकतं किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. जोडीला व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला सांगता येतं. मुलगा खरोखरच व्यसनात रुतला असेल, तर ९३व्या कलमाखाली त्याला उपचार केंद्रात हलवता येतं. कायद्याने इथे माणुसकी दाखवली आहे, पण कागदावरच्या आदेशाने कुणाची नशा सुटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला चाळिशीतल्या दारुड्यांच्या वॉर्डात ठेवण्यात काय हशील?

वजन वाढलं की चित्र पालटतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाची ५० ग्रॅमपर्यंतची मर्यादा ओलांडली की ते ‘व्यावसायिक प्रमाण’, किमान शिक्षा दहा वर्षं. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा ‘निर्घृण’ ठरतो, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवायचा का, याची प्राथमिक पडताळणी होते. याउलट पुण्यात लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात तशी किमान शिक्षाच नाही. किमान शिक्षा नसेल तर गुन्हा निर्घृण धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं. पुण्याच्या मुलाला सज्ञान मानावं ही पोलिसांची मागणी जुलै २०२५ मध्ये मंडळाने फेटाळली. म्हणजे दारू पिऊन गाडीखाली माणसं मारल्याचा आरोप असलेला मुलगा बालकच राहतो आणि कुणाची तरी पिशवी पोहोचवणारा मुलगा मात्र सज्ञान म्हणून खटल्याला उभा राहू शकतो. हा हिशेब मला तरी पटत नाही.

पिशवी मुलाच्या हाती दिली जाते, त्यामागे धंद्याचं गणित असतं. मोठ्यांना एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ३७व्या कलमामुळे जामीन मिळता मिळत नाही. मुलाला मात्र बालन्याय कायद्याच्या १२व्या कलमाने जामीन देणं हाच नियम. यासाठीच ७८वं कलम आहे: विक्रीला किंवा वाहतुकीला मुलाला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यालाही ७७व्या कलमाने तेवढीच शिक्षा. पुण्यात वडिलांवर आणि बारवाल्यांवर हेच कलम लावलं गेलं. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलापुढे ग्लास ठेवणाऱ्याला सबब उरत नाही.

स्टेशनाच्या पुलाखाली रुमालात सोल्यूशन घेऊन हुंगणारी मुलं या सगळ्यात कुठेच बसत नाहीत. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के निघालं. मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत अशी ही एकच नशा. ती एनडीपीएसमध्ये येत नाही, त्यामुळे गुन्हा नाही आणि मंडळही नाही. अशा मुलाला न्यायचं ते बालकल्याण समितीपुढे. आणि त्याला ती ट्यूब विकणारा? ७७व्या कलमात दारू आहे, अमली पदार्थ आहेत, तंबाखू आहे. पंक्चरचं सोल्यूशन नाही.