माहिती चौकट : धावड्याहून अमेरिकेतल्या महाविद्यालयात

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यातून मुलामुलींना अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचा असेल, तर एवढे ध्यानात ठेवावे.

वेळ : बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. बहुतेक नामांकित महाविद्यालयांची नियमित मुदत 1 जानेवारीच्या आसपास संपते. लवकरच्या फेरीची 1 नोव्हेंबरच्या सुमारास. नववीपासूनची गुणपत्रके आणि शिक्षकांची शिफारसपत्रे आधीच जमवावीत.

निबंध : ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जातला मुख्य निबंध इंग्रजीत, 250 ते 650 शब्दांचा. शिवाय अनेक महाविद्यालये स्वतंत्र छोटे निबंध मागतात. प्रिन्स्टन तर शिक्षकांनी तपासलेला एक लेखी गृहपाठही मागते.

परीक्षा : एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ यांनी प्रवेशपरीक्षेच्या गुणांची अट पुन्हा लागू केली आहे. इंग्रजीची ड्युओलिंगो चाचणी घरूनही देता येते. त्या त्या महाविद्यालयाला ती चालते का, हे आधी पाहावे.

पैसा : हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करतात आणि गरजेपुरती पूर्ण मदत देतात. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितल्याने निवडीची शक्यता घटते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच आहे.

आधीचे : आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे पत्राने प्रवेश मागितला, 1886 मध्ये त्या पदवीधर झाल्या. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 1911 मध्ये कॉर्नेलची पीएचडी मिळवली.