क्लच दोन, मेंदू एक

जुनी पोलो जीटी टीएसआय रात्रभर उभी असेल, तर सकाळी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि किल्ली न लावता कान द्या. बॉनेटखालून काही क्षण घुंSS असा आवाज येतो. दार उघडलं की गिअरबॉक्सचा पंप जागा होतो आणि तेलाचा दाब भरून घेतो. हा आवाज किती वेळ चालतो आणि किती वेळाने परत येतो, हे ऐकणारा मेकॅनिक स्कॅनर जोडायच्या आधीच बरंच निदान करून मोकळा होतो.

या पोलोच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये एका क्लचकडे 1, 3, 5, 7 हे विषम गिअर असतात, तर दुसऱ्याकडे सम गिअर आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच लागलेला असतो; एक क्लच सुटतो, दुसरा धरतो आणि प्रवाशाला धक्का जाणवत नाही. फोक्सवॅगनने 2003 साली गोल्फ आर32 मध्ये हे तंत्र सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणलं. तो गिअरबॉक्स सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा होता. 2008 मध्ये कोरड्या क्लचचा, सात गिअरचा डीक्यू200 आला. त्याची क्षमता 250 न्यूटन-मीटर टॉर्कची. चाकणला तयार होणाऱ्या व्हर्टस आणि टायगुनच्या ज्या 1.5 लिटर इंजिनाला तो जोडतात, त्याचा टॉर्कही नेमका 250. म्हणजे हातचं राखून असं काही उरलेलंच नाही.

कुठला क्लच कधी धरायचा हे मेकाट्रॉनिक ठरवतं. संगणक, सेन्सर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि पंप असं सगळं एकाच युनिटमध्ये आणि ते युनिट थेट गरम गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेलं. कारखान्यात बसवायला ही रचना सोयीची, पण दुरुस्तीच्या वेळी गिऱ्हाइकाच्या मुळावर येते. आत काहीही बिघडो, एस्टिमेटवर एकच ओळ असते : मेकाट्रॉनिक बदला. नव्या युनिटचं बिल लाखाच्या पुढे सहज जातं.

म्हणून आधी बॅटरी तपासावी. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट दोषाचे भलभलते कोड साठवून ठेवतं आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. बॅटरी आणि अर्थिंग ठीक असेल, तर कुठले गिअर गेले ते विचारावं. दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स एकदम गायब आणि विषम गिअर शाबूत, असं असेल तर दोष दुसऱ्या क्लचच्या शाखेत आहे. सगळेच गेले असतील, तर वीज किंवा तेलाचा दाब यांच्याकडे संशय जातो.

दाब गाडी चालू असताना स्कॅनरवर पाहता येतो. पंप तो साधारण 60 बारपर्यंत चढवून थांबतो आणि 40 च्या आसपास उतरला की पुन्हा चालू होतो. सोसायटीतले सगळे नळ बंद असूनही प्रेशर पंप दर मिनिटाला घुरघुरत असेल, तर प्लंबर थेट गळती शोधायला लागतो. इथेही तेच करायचं. डीक्यू200 मध्ये ही गळती बहुतेकदा अॅक्युम्युलेटरपाशी सापडते. दाब साठवणारं हे नळकांडं अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आट्यांवर बसतं. हजारो वेळा दाब चढतो-उतरतो आणि शेवटी आट्यांच्या बुडाशी केसाएवढी चीर जाते. तेल पाझरतं, पंप दमेस्तोवर चालतो आणि पी189सी हा अपुऱ्या दाबाचा किंवा पी17बीएफ हा पंप-संरक्षणाचा कोड उमटतो. कोड पंपाचं नाव घेतो, पण चोर हाउसिंग असतं. ते एकटं बदलता येतं, संगणकाला हात न लावता.

दुसरा नेहमीचा आजार सर्किट बोर्डावरचा. पंपाला वीज नेणारी बारीक पट्टी फ्यूजसारखी जळते आणि धावती गाडी न्यूट्रलमध्ये येते. जाणकार कारागीर झाकण उघडून तिथे नवी जोडणी करतात. मात्र पट्टी का जळली हे न बघता नुसती तार जोडणं म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा ठोकणं. आधी पंपाची मोटार किती करंट ओढते ते मोजलं पाहिजे.

फोक्सवॅगनलाही या गिअरबॉक्सने घाम फोडलाय. 15 मार्च 2013 ला, ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने डीएसजीच्या, म्हणजे फोक्सवॅगनच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सच्या, तक्रारी जाहीरपणे दाखवल्या आणि काही दिवसांत 3,84,181 गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे 16 लाख गाड्यांमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचं ठरलं. उष्ण, दमट हवा आणि रेंगाळती वाहतूक यांत त्या तेलामुळे विजेचे दोष उद्भवत होते. उष्ण, दमट आणि रेंगाळती : वर्णन मुंबईचंच वाटतं.

फोर्डच्या पॉवरशिफ्टची कथा वेगळी. तिथे क्लच इलेक्ट्रिक मोटारींनी हलतात, त्यामुळे तेलाच्या दाबाचा प्रश्न नाही. सुटताना गाडी थरथरते तो क्लचचा दोष. बऱ्याचदा सीलमधून तेल झिरपून कोरडा क्लच ओला झालेला असतो. गाडी सुरूच होत नाही किंवा चालताना ओढ अचानक जाते, तेव्हा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, तपासायचं. हे दोन आजार गॅरेजमध्ये सर्रास एकमेकांत मिसळतात आणि टीसीएमच्या दोषापायी क्लच बदलला जातो. अमेरिकेत फोर्डला टीसीएमची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवावी लागली, तर ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये पॉवरशिफ्टच्या तक्रारदारांना दिलेल्या वागणुकीबद्दल न्यायालयाने एक कोटी डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडची पहिली पेट्रोल ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट याच गिअरबॉक्सची. सेकंडहँड घेताना थंड आणि तापलेली अशी दोन्ही वेळा चालवून पाहावी.

युनिट दुरुस्त करा की बदला, बोल्ट आवळले म्हणजे काम संपत नाही. सॉफ्टवेअर त्या गाडीचंच लागतं. भंगारातून आणलेलं युनिट बाहेरून हुबेहूब दिसलं तरी जुळेलच असं नाही. मग बेसिक सेटिंग : गिअर पी मध्ये, गिअरबॉक्स पुरेसा गरम, आणि युनिट एकेक क्लच नेमका कुठे धरतो ते स्वतः शिकून घेतं. हे मध्येच तुटलं किंवा टाळलं, तर चांगली दुरुस्तीही धक्के मारते आणि गिऱ्हाईक परत दारात उभं. तेव्हा गाडी टोइंगवर चढवायच्या आधी कोडची छापील यादी मागून घ्यावी, आणि परत घेताना जॉब कार्डवर बेसिक सेटिंग पूर्ण झाल्याची नोंद पाहून मगच पैसे द्यावेत.