सांभाळून घेणारे सोबती

गेल्या वैशाखात आमच्या खिडकीसमोरच्या इमारतीचा सातवा स्लॅब पडला. बांधकामाच्या बोलीत स्लॅब ‘पडला’ म्हणजे तो यथासांग पार पडला, हे मला ठाऊक आहे. पण मी मराठीची अध्यापिका म्हणून म्हणा किंवा आणखी एका कारणाने म्हणा, हा शब्द कानांवर आला की पोटात अजून गोळा उठतो. ते दुसरे कारण म्हणजे आमचे आप्पामामा.

आप्पामामा सेंटरिंगचे सुतार. फळ्या, वासे, टेकू जुळवून साचा उभा करायचा, त्यात काँक्रीट ओतले जायचे, आणि ते आळून घट्ट झाले की साचा सोडवून वरच्या मजल्यावर न्यायचा, हे त्यांचे काम. माणूस स्वभावाने अगदी गरीब. सुट्टीत आम्ही भाचरे त्यांच्याकडे गेलो की फळीच्या तुकड्यांतून आम्हांला बैलगाड्या करून देत. पण शनिवारी पगार झाला की ते वेळेवर घरी येत नसत, आणि पुढे पुढे शनिवारची वाट पाहण्याचीही गरज उरली नाही.

त्यांचे सोबती मात्र जिवाला जीव देणारे होते. सकाळी मामा उठू शकले नाहीत तरी त्यांची हजेरी लागे. हात कापू लागले की त्यांना खाली फळ्यांचे खिळे उपसायला बसवीत आणि परांचीवरचे काम दुसरा कोणी उरकून टाकी. मुकादमाला सांगत, ‘त्याच्या अंगात ताप आहे.’ मामीला सांगत, ‘वहिनी, जरा ऊन लागलंय, निजू द्या त्याला.’ घरात पैसे कमी पडले तर आपसांत वर्गणी काढून मामीच्या हाती ठेवीत. एवढ्या वर्षांत त्यांच्यापैकी एकानेही ‘आप्पा, तुझं बिनसलंय काय?’ असे विचारल्याचे मात्र मामीला आठवत नाही. मामा १९९१ साली गेले, वयाच्या ४३व्या वर्षी. यकृत निकामी झाले होते. तेराव्याला आलेला एक म्हातारा गवंडी माझ्या आईपाशी बसून डोळे पुशीत म्हणाला, ‘अक्का, आम्ही त्याला लई सांभाळला हो!’

ते खोटे नव्हते. म्हणूनच ते वाक्य इतकी वर्षे माझ्या मनातून जात नाही. मित्रांची उणीव नव्हती, मायेचीही नव्हती. मग चुकले कुठे?

ह्याचे उत्तर शोधताना मला प्रथम भेटला तो अमेरिकेतला एक शेअरबाजारातला गृहस्थ, बिल विल्सन. १९३५च्या मे महिन्यात हा न्यूयॉर्कहून ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामासाठी गेला होता. काम फिसकटले. दारू सोडून त्याला पाचच महिने झाले होते. हॉटेलच्या दालनात एका बाजूला दारूचा गुत्ता गजबजलेला, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि गावातल्या पाद्र्यांना विचारू लागला, मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? मिळाला तो डॉक्टर बॉब स्मिथ नावाचा शल्यचिकित्सक. डॉक्टरांनी मोठ्या नाखुषीने पंधरा मिनिटे देऊ केली. बोलणे सहा तासांच्या वर चालले. त्या संध्याकाळी विल्सन उपदेश करायला गेलाच नव्हता. आपण स्वतः पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला दुसऱ्या पिणाऱ्याची गरज लागली होती. स्मिथने त्याच वर्षी १० जूनला अखेरचा घोट घेतला, आणि ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही निनावी मद्यपींची संघटना त्या दिवसापासून आपले वय मोजते. भारतात ती १९५७ साली आली, आणि आज तिच्या बैठका मराठीतही भरतात. तिथे डॉक्टर नसतो, फी नसते, आडनावही कोणी विचारीत नाही.

पण निनावी बैठक ही झाली कामाबाहेरची गोष्ट. ज्याच्या शेजारी उभे राहून दिवसभर वीट चढवायची, त्याच्याजवळ मन मोकळे करणे फार अवघड. बांधकामावरचा पुरुष ‘मला झोप येत नाही, मला भीती वाटते’ असे बोलत नाही. बोललाच तर चेष्टेत बोलतो. त्यात ह्या धंद्याची घडणच अशी की, सोबत टिकत नाही. इमारत झाली की टोळी फुटते. घर दूर, काम आज आहे तर उद्या नाही, उचल घेतलेली डोक्यावर. पाठ आणि गुडघे तिशीपस्तिशीतच बोलू लागतात, आणि दुखणे दाबून कामावर जायचे तर संध्याकाळी काहीतरी घ्यावे लागते. आपल्याकडे ती दारू असते, अमेरिकेत अनेकदा अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०११ ते २०१५ ह्या काळातील अशा औषधांच्या मात्रेने झालेल्या मृत्यूंची धंद्यांप्रमाणे वर्गवारी केली, तेव्हा कामकरी मृतांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बांधकाम आणि खाणकाम करणाऱ्यांचा निघाला. आत्महत्यांची गत तीच. २०२१ साली अमेरिकेत बांधकाम धंद्यातील पुरुषांत लाखामागे ५६ आत्महत्या झाल्या. एकंदर नोकरदार पुरुषांत तो आकडा ३२ होता.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली असाच अभ्यास केला, आणि विशेषतः तरुण कामगारांच्या आत्महत्यांचे प्रमाण पाहून मालक आणि कामगार संघटना दोघेही हादरले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारी ही दोन घराणी ह्या प्रश्नावर एका टेबलाशी बसली. २००८ साली ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ ही संस्था निघाली. ‘मेट’ म्हणजे तिकडच्या बोलीत दोस्त, सोबती. संस्थेची धुरा बरीच वर्षे वाहिली ती यॉर्गन गुलेस्ट्रुप ह्या मूळच्या डेन्मार्कच्या प्लंबरने. म्हणजे नळजोडणीच्या पान्यावर ज्याचा हात बसला आहे अशा माणसाने. हे मला फार महत्त्वाचे वाटते. परीटघडीच्या सदऱ्यातला कोणी तज्ज्ञ येऊन व्याख्यान देता, तर गडी मागच्या बाकावर पेंगले असते. (हा अनुभव आम्हां अध्यापकांना रोजचाच!)

योजना साधी आहे. कामावरच्या सर्वांना प्रथम तासाभरात समजावून सांगायचे की, गडी अबोल झाला, वरचेवर खाडे करू लागला, पिणे वाढले, क्षुल्लक कारणावरून हातघाईवर आला, तर त्याला नुसते आळशी किंवा माजोरी ठरवू नका. मग जे आपणहून पुढे येतात त्यांना आणखी थोडे शिक्षण मिळते आणि ते ‘कनेक्टर’, म्हणजे सांधणारे, होतात. त्यांच्या शिरस्त्राणावर एक चिकटपट्टी असते, एवढीच त्यांची खूण. सांधणाऱ्याने डॉक्टर व्हायचे नाही, उपदेश करायचा नाही. सोबत्याला बाजूला घ्यायचे, ‘बरा आहेस ना?’ हे मनापासून विचारायचे, उत्तर ऐकेपर्यंत थांबायचे, आणि त्याला एकटा न सोडता मदतीच्या माणसाच्या हाती सोपवायचे. त्याहून पुढचे शिक्षण घेतलेले काही जण असतात. त्यांचा वर्ग दोन दिवसांचा. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे थेट आणि शांतपणे कसे विचारावे, हे त्यांत शिकवतात. असे विचारल्याने नको ती कल्पना डोक्यात शिरेल, ही भीती आपल्यालाही असते. पण अभ्यासांतून तसे दिसत नाही. उलट, विचारल्याने माणसाच्या छातीवरचा दगड हलतो. ह्या सगळ्याच्या मागे दिवसरात्र उचलला जाणारा टेलिफोन आहे. २०१९ साली ही संस्था न्यूझीलंडमध्येही सुरू झाली.

सिडनीच्या बांधकाम संघटनांनी व्यसनाचा प्रश्न ह्याच्याही आधी हाती घेतला होता. तिथली पद्धत वाचताना मला मामांचा तो हजेरीपट आठवला. नशेत कामावर आलेल्या माणसाला काम करू द्यायचे की नाही, हे तिथे मालक ठरवीत नाही. कामगारांच्याच सुरक्षा समितीतले सोबती ठरवतात. तेच त्याला घरी धाडतात, बुडालेल्या वेळेचा पगार मिळत नाही, आणि पुन्हा पुन्हा तेच घडले तर उपचाराला जायचे की नोकरी सोडायची हे त्याच्यापुढे ठेवतात. त्यांनीच अठ्ठावीस दिवसांच्या निवासी उपचारांचे ‘फाउंडेशन हाउस’ उभे केले, तेही कॅलन पार्क ह्या जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पुण्याच्या वाचकांना लगेच येरवडा आठवेल. डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांचे ‘मुक्तांगण’ २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात सुरू झाले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या देणगीतून. तिथल्या समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे कितीतरी आहेत. मामा हयात असताना ते पाच वर्षे चालू होते. आमच्या घरी कोणाला माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी, ‘आप्पाला वेड्यांच्या इस्पितळात?’ म्हणून आजीनेच आकांत केला असता.

आपल्या देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारदप्तरी नोंद झाली, आणि त्यांतील चौघांत एकाहून अधिक माणसे रोजंदार होती. सारीच बांधकामावरची नव्हेत. पण मजूर-नाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस ह्याच वर्गातला. त्याच्यासाठी १९९६ साली बांधकाम कामगार कायदा झाला, महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळही आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतही बोलते. शिरस्त्राण आणि सुरक्षापट्टा तपासणारा अधिकारी इमारतीवर अधूनमधून येतो. बरा आहेस ना, असे विचारणारा कोणी नेमलेला मी अजून पाहिला नाही.

नेमलेला नाही, हा शब्द मी मुद्दाम घातला. समोरच्या इमारतीचे मुकादम पिण्याच्या पाण्यासाठी आमच्याकडे येत, त्यामुळे ओळख झाली. सोलापूरकडचे, पन्नाशीचे, केस पांढरे झालेले. दर शनिवारी पगार वाटून झाला की ते फाटकाजवळच्या टपरीवर एका तरुण गवंड्याला घेऊन बसतात, हे मी गच्चीतून पाहत असे. दोघे तासन्‌ तास बसत. एकदा न राहवून विचारले.

‘मुकादम, त्या पोराला रोज ओरडता, आणि शनिवारी चहा पाजता?’

ते हसले. ‘ताई, नाक्याच्या कोपऱ्यावर दुकान आहे. आठ वाजेपर्यंत तो तिथनं एकटा जाऊ नये, येवढंच. पैसे त्याची बायको येऊन घेऊन जाते. त्यानंच सांगितलं तसं करा म्हणून.’

‘आणि तुम्ही कंटाळत नाही?’

‘मी कशाला कंटाळतो? अकरा वर्सं झाली मला सोडून. पण शनिवार मलाबी जड जातो की.’

ऐन पावसाळ्यात एका शनिवारी काम बंद होते आणि टपरीवर मुकादम एकटेच दिसले. पुढल्या शनिवारीही एकटेच. तिसऱ्या खेपेला मी खाली जाऊन चौकशी केली. पोरगा पुन्हा घसरला होता. दोन आठवडे कामावर आला नव्हता. मुकादमांनी त्याची हजेरी लावली नव्हती. खोलीवर मात्र तीनदा जाऊन आले होते.

‘काय म्हणाला?’

‘पयल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा शिव्या दिल्या. काल म्हणाला, शनिवारी येतो.’ त्यांनी टपरीवाल्याकडे पाहून दोन बोटे वर केली, आणि घड्याळ पाहिले. पावणेसात झाले होते.